तुम्ही विचारलेत म्हणून : रॉकेट इतके सावकाश का नेतात?

चंद्रमोहिमेचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. जे रॉकेट पुढे ताशी हजारो किलोमीटर वेगाने झेपावणार आहे, ते प्रक्षेपणतळापर्यंत नेण्यासाठी अमेरिकेने माणसाच्या चालीपेक्षाही मंद असे ते राक्षसी, पट्ट्यांवर चालणारे वाहन का वापरले, आणि सरळ रेल्वेचे रूळ का टाकले नाहीत? चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या खुल्या कोळसा खाणींत अवजड यंत्रांच्या देखभालीत माझी सारी नोकरी झाली आणि रॉकेटांशी माझा संबंध केवळ वाचनापुरता आहे. तरीही लोक योग्य माणसाला विचारतात असे मला वाटते, कारण त्या वाहनाची वंशावळ अंतराळयानांशी जुळत नाही, ती थेट कोळशाच्या खाणीत जाऊन पोहोचते.

फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्रात १९६५ पासून अशी दोन वाहने आहेत. त्यांना क्रॉलर-ट्रान्सपोर्टर म्हणतात. प्रत्येकाची लांबी सुमारे ४० मीटर, रुंदी ३५ मीटर आणि मूळचे वजन जवळपास २,७०० टन. वर सपाट पोलादी माथा आणि चार कोपऱ्यांवर चार ट्रक, म्हणजे पट्ट्यांचे गाडे, प्रत्येक ट्रकला दोन पट्टे, म्हणजे एकूण आठ. गावात विहीर किंवा शेततळे खणायला येणाऱ्या पोकलेनला जसे पट्टे असतात तशाच जातीचे हे पट्टे आहेत. फरक इतकाच की येथे एका पट्ट्यात ५७ शू, म्हणजे एकमेकांत अडकवलेल्या पोलादी पाट्या, असतात आणि एकेका शूचे वजन टनाच्या आसपास भरते.

रूळ का नाहीत, या प्रश्नाआधी रॉकेट इकडून तिकडे न्यावेच का लागते, हे पाहिले पाहिजे. त्याआधीची रॉकेटे बहुतेक प्रक्षेपणतळावरच उभी केली जात. परंतु अपोलो मोहिमांचे सॅटर्न ५ हे रॉकेट ११० मीटर उंच होते, त्याची जोडणी आणि तपासणी अनेक आठवडे चालणार होती, आणि केंद्राची जागा समुद्राला लागून, खाऱ्या वाऱ्याच्या, विजांच्या आणि चक्रीवादळांच्या टापूत होती. म्हणून केंद्राचे पहिले संचालक कुर्ट डेबस यांच्या नेतृत्वाखालच्या मंडळींनी ठरवले की रॉकेट एका बंदिस्त इमारतीत उभ्यानेच जोडायचे, तेथेच तपासायचे आणि मग तळावर न्यायचे. त्यासाठी १६० मीटर उंचीची इमारत बांधली गेली. महत्त्वाची गोष्ट अशी की इमारतीत केलेल्या जोडण्या वाटेत सोडायच्या नव्हत्या, कारण त्या सोडल्या की तळावर पुन्हा सगळी तपासणी आली. तेव्हा रॉकेट ज्या चौथऱ्यावर उभे असेल तो चौथरा आणि नळ्या-तारांचा शेजारचा मनोराही रॉकेटबरोबरच निघणार होता. एकट्या रिकाम्या सॅटर्नचे वजन या हिशेबात किरकोळ होते, कारण त्याचे इंधन तळावर गेल्यावर भरले जाई. खरा भार पोलादाचा होता. वाहनासकट हे सगळे लटांबर सुमारे ८,००० टनांवर जात होते.

सुरुवातीला कालवा खणून तराफ्यावरून रॉकेट न्यावे, असा विचार गांभीर्याने झाला. प्रतिकृतींवर चाचण्या घेतल्यावर दिसले की इतका उंच भार उथळ पाण्यात सरळ हाकणे आणि वाऱ्यात स्थिर ठेवणे सोपे नाही. रुळांचा आणि हवेच्या टायरांचाही पर्याय तपासला गेला. आणि मग १९६२ च्या सुरुवातीला खाणयंत्रे बनवणाऱ्या ब्युसायरस-एरी कंपनीकडून सूचना आली की केंटकी राज्यातील पॅराडाइज येथे कोळशाच्या खाणीत आमचे एक शॉवेल, म्हणजे माती उपसणारे यंत्र, चालते, ते येऊन पाहा. केंद्राचे अभियंते जाऊन पाहून आले, आणि त्याच वर्षाच्या मध्यापर्यंत पट्ट्यांच्या वाहनाचा निर्णय झाला.

त्या शॉवेलमध्ये त्यांना काय दिसले असेल, याची कल्पना खाणीत काम केलेला कोणीही करू शकेल. खुल्या खाणीचा तळ कधीच सपाट नसतो. माती उपसणारे प्रचंड शॉवेल अशा खडबडीत तळावर उभे राहते आणि त्याच्या डोक्यावरचा अजस्र सांगाडा भरलेल्या बकेटसह सतत गोल फिरत असतो. यंत्र थोडेही कलते उभे असेल तर फिरत्या भागाच्या दात्यांवर आणि रोलरांवर एका बाजूने ताण येतो आणि ते लवकर खलास होतात. म्हणून सर्वांत मोठ्या शॉवेलना चार कोपऱ्यांवर पट्ट्यांच्या जोड्या देऊन प्रत्येक कोपऱ्यावर हायड्रॉलिक जॅक बसवले जात. एक कोपरा खड्ड्यात गेला की तेथील जॅक तेवढाच वर येतो आणि माथा सपाट राहतो. अवजड भार, मऊ जमीन, मंद गती आणि माथा सपाट ठेवण्याची सक्ती, या चारही अटी खाणीने आधीच सोडवल्या होत्या. बकेट काढून त्या जागी रॉकेट ठेवायचे होते, असे म्हटले तर अभियंते माझ्यावर रागावतील, पण फारसे चूक होणार नाही.

आता रुळांचे. रुळावर चाक एका बोटभर जागेवर टेकते, आणि तेवढ्या जागेतून आलेला भार पुढे स्लीपर आणि खडी यांना जमिनीवर पसरवावा लागतो. भार हजारो टनांचा आणि जमीन केनेडी केंद्र जेथे आहे त्या मेरिट बेटासारखी पाणथळ असेल, तर रुळाखालचा पाया किंचित असमान खचला तरी ११० मीटर उंचीवर त्याचा परिणाम कित्येक पटींनी वाढून दिसतो. पट्टा मात्र स्वतःचा रस्ता स्वतःच अंथरत जातो आणि भार बऱ्याच मोठ्या क्षेत्रावर वाटतो. रुळांनी हे काम झालेच नसते, असे मात्र मी म्हणणार नाही. सोव्हिएत संघाने आपल्या बैकोनूर प्रक्षेपणकेंद्रात एन-१ हे चंद्रासाठीचे महाकाय रॉकेट रुळांवरूनच नेले. मात्र ते आडवे झोपवून, दोन समांतर लोहमार्गांवरून डिझेल इंजिनांनी ओढत नेले जाई आणि तळावर गेल्यावर उभे केले जाई. रॉकेट उभे न्यायचे की आडवे, या पहिल्या निर्णयातूनच पुढचे सगळे ठरते.

आपल्याकडे श्रीहरिकोट्यालाही हीच तुलना करता येते. तेथील दुसऱ्या प्रक्षेपणतळासाठी रॉकेट जोडणीच्या इमारतीत उभे केले जाते आणि फिरत्या चौथऱ्यावरून, उभ्यानेच, सुमारे एक किलोमीटर अंतर रुळांवरून पार करते. चांद्रयान-३ घेऊन गेलेले एलव्हीएम-३ रॉकेट उड्डाणाच्या वेळी ६४० टनांचे असते. नळ्या-तारांचा मनोरा तेथे तळावरच कायमचा उभा असल्यामुळे तो बरोबर न्यावा लागत नाही. त्या भाराला रूळ पुरेसे आहेत आणि इस्रोने पट्ट्यांचे वाहन न बनवून पैसे वाचवले, हे शहाणपणाचेच झाले.

ब्युसायरसने कल्पना दिली खरी, पण निविदा उघडल्यावर काम मिळाले ते ओहायोतील मॅरियन पॉवर शॉवेल या तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीला. सुटे भाग ओहायोत तयार झाले आणि जुळणी फ्लोरिडात झाली. १९६५ च्या जुलैमध्ये लाँचरचा, म्हणजे तो चौथरा आणि मनोरा यांचा, भार घेऊन चाचणी चालू असताना पट्ट्यांना आधार देणाऱ्या रोलरांची बेअरिंगे फुटली आणि त्यांचे तुकडे वाटेवर सापडले. बाकीचे जग इंजिनांबद्दल आणि चंद्राबद्दल बोलत असताना या बेअरिंगांनी काही महिने अपोलोच्या वेळापत्रकाला धास्ती लावली होती. मला हा प्रसंग सर्वांत जवळचा वाटतो. सगळ्या रोलरांवर भार सारखा पडेल असे हिशेबात धरले होते, आणि वळताना पट्टा आडवा घासतो तेव्हा बाजूने बसणाऱ्या रेट्याचा अंदाज अपुरा पडला होता. ज्याने पट्ट्याचे कोणतेही यंत्र जागेवर वळवताना पाहिले आहे, त्याला तो रेटा कागदावर दाखवावा लागत नाही. वळल्यानंतर जमिनीची जी दशा होते तीच सांगते. उपाय म्हणून रोलर बेअरिंग काढून स्लीव्ह बेअरिंग, ज्याला आम्ही कार्यशाळेत सरळ बुश म्हणतो, ते बसवले गेले. त्याने घर्षण वाढते, पण मार खाण्याची ताकदही वाढते. १९६६ च्या जानेवारीत सुधारलेल्या वाहनाने लाँचर यशस्वीपणे हलवला, आणि त्याच वर्षी २५ मे रोजी चाचणीसाठी बनवलेले पूर्ण आकाराचे सॅटर्न ५ इमारतीबाहेर आले. चंद्रावर माणूस पाठवण्याची घोषणा करणारे अध्यक्ष केनेडी यांचे भाषण बरोबर पाच वर्षांपूर्वी याच तारखेला झाले होते.

वाहनाइतकाच त्याचा रस्ताही विचारपूर्वक बांधलेला आहे. सुमारे १२ मीटर रुंदीच्या दोन पट्ट्या आणि मधे १५ मीटरची मोकळी जागा, अशी त्याची रचना आहे. खाली थरांवर थर दाबून बसवलेला, सुमारे दोन मीटर खोलीचा भराव आणि वर नदीतले गोटे, असा हा रस्ता आहे. डांबर किंवा काँक्रीट का नाही, असे पुढचा प्रश्न विचारणारे विचारतात. पट्टा वळतो तेव्हा घसरतो, आणि घट्ट पृष्ठभागावर घसरला तर एकतर पृष्ठभाग फाडतो किंवा स्वतःचे शू तोडतो. गोल गोटे पट्ट्याखाली हलतात, सरकतात आणि तो रेटा स्वतःवर घेतात, शिवाय त्यांच्या घर्षणातून ठिणगी पडण्याचा धोकाही कमी असतो. सरळ रस्त्यावर या गोट्यांचा थर सुमारे १० सेंटीमीटर तर वळणावर त्याच्या दुप्पट असतो. वाहन वरून गेले की पुष्कळ गोटे चुरडतात आणि नवे आणून टाकावे लागतात.

अवघड भाग शेवटी येतो. भूजल अगदी वर असल्यामुळे ज्वाळा वळवणारा खंदक जमिनीत खोल खणता येत नव्हता, म्हणून प्रक्षेपणतळच उंचावर बांधला गेला आणि तेथे चढायला ५ टक्के उताराची चढण आली. येथे एक सोपा हिशेब करून पाहावा. ४० मीटर लांबीचे वाहन ५ टक्के चढणीवर असेल तर त्याचे पुढचे टोक मागच्यापेक्षा दोन मीटर उंच असते. म्हणजे माथा सपाट ठेवायचा तर मागचे कोपरे जवळजवळ दोन मीटर उचलले गेले पाहिजेत. वाहनाचा माथा साधारण ६ ते ८ मीटर उंचीच्या दरम्यान खालीवर होऊ शकतो, तो याचसाठी. डोक्यावर भरलेली कळशी घेऊन पायऱ्या चढणारी बाई जसे गुडघ्यांनी सगळे सांभाळते आणि मान हलू देत नाही, तसे काम येथे १६ हायड्रॉलिक सिलिंडर करतात. परवानगी असलेला कल एका अंशाच्या सहाव्या भागाइतका आहे. सॅटर्नच्या उंचीने गुणले तर शेंडा फार तर फूटभर कलला, इतकेच.

आता मंद गतीचे उत्तर वेगळे देण्याची गरज उरत नाही, तरीही आकडे सांगतो. भारासह कमाल वेग ताशी १.६ किलोमीटर आहे आणि भार नसताना त्याच्या दुप्पट. गती वाढवली तर जॅकना उताराचा बदल ओळखून प्रतिसाद द्यायला वेळ मिळणार नाही, आणि सुरू होताना, थांबताना बसणारा हिसका मनोऱ्याच्या टोकाला जाऊन मोठा होईल. ऊर्जेची रचना डिझेल रेल्वे इंजिनासारखी आहे: रेल्वे इंजिनांसाठीचीच २,७५० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिने जनित्रे फिरवतात आणि त्या विजेवर १६ मोटारी पट्टे ओढतात. एका किलोमीटरला सुमारे ३०० लिटर डिझेल लागते, हे ऐकून श्रोते नेहमी हसतात. चालकाच्या केबिन दोन असून त्या विरुद्ध कोपऱ्यांवर आहेत, कारण हे वाहन वळवून आणत नाहीत, आले तसे उलटे परत नेतात.

परत नेणे ही गोष्ट लोक विसरतात. १९९५ च्या जूनमध्ये डिस्कव्हरी या अंतराळ शटलच्या इंधनटाकीवरच्या फोमला सुतारपक्ष्यांनी चोचींनी भोके पाडली आणि ती बुजवण्यासाठी अख्खे शटल तळावरून इमारतीत परत आणावे लागले. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इयान चक्रीवादळ येत असताना अमेरिकेच्या नव्या चंद्रकार्यक्रमातील आर्टेमिस १ मोहिमेचे रॉकेट असेच माघारी आणले गेले. तळावरच जोडलेल्या रॉकेटला ही सोय नसते.

आर्टेमिसच्या एसएलएस रॉकेटबरोबर मात्र एक जुना हिशेब बदलला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या घन इंधनाच्या बूस्टरमध्ये इंधन आधीच भरलेले असते आणि एकेकाचे वजन सातशे टनांच्या पुढे जाते. शटलच्या काळातही हे होतेच, पण आता मनोराही नवा आणि जड आला. म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या वाहनाची बेअरिंगे, जॅक आणि जनित्रे बदलून त्याची क्षमता ८,१०० टनांच्या वर नेली गेली. मार्च २०२२ मध्ये त्याने हे रॉकेट पहिल्यांदा तळावर नेले तेव्हा साडेसहा किलोमीटरच्या वाटेला सुमारे ११ तास लागले.

नवे वाहन का बनवले नाही, असाही प्रश्न कधीकधी येतो. चौकट १९६५ ची असली तरी झिजणारे भाग बदलता येतील, अशीच खाणयंत्रांची रचना असते. मधल्या काळात शूंना तडे गेलेले आढळले तेव्हा २००४ च्या सुमारास दोन्ही वाहनांचे सगळे शू नव्याने ओतून घेण्यात आले. ज्या मॅरियनने ही वाहने बांधली तिला १९९७ मध्ये ब्युसायरसने विकत घेतले, आणि २०११ मध्ये ब्युसायरस कॅटरपिलरकडे गेली. दोन्ही जुने प्रतिस्पर्धी आज त्याच पिवळ्या रंगाच्या कंपनीत विसावले आहेत, जिचे डोझर आमच्या खाणीत मातीचे ढीग ढकलत असत.