वाजली तर वाजली

जिचं नावच सायलेन्सर, ती वस्तू माणूस आवाजासाठी विकत घेतो, तिथेच मला शंका यायला हवी होती. तिला मफलरही म्हणतात. गळ्याला गुंडाळायचा तो वेगळा. तो मी मोठ्याने खोकता यावं म्हणून कधी घेतला नव्हता.

गाडीचा मूळचा सायलेन्सर काढून बसवलेली ही पुंगळी दीड महिना वापरून आता विकायला काढली आहे. जाहिरातीत लिहिलं, 'जवळजवळ नवीन'. पहिला फोन आला तो हेच विचारत, "इतका नवा आहे, तर विकताय का?"

गावात फिरताना तक्रार नव्हती. सिग्नल सुटला की मागून असा भारदस्त हुंकार यायचा, की मीच आरशात मिशी बघायचो. रडगाणं हायवेचं. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा ठोका देतं. मिनिटाला 2400 फेरे, म्हणजे सेकंदाला 80 ठोके. नेमका हाच स्वर माझ्या गाडीच्या पोकळीला भलताच मानवला. काचा, पत्रा, सीट, सगळं एका सुरात घुमायला लागे. कान दुखत नाहीत, डोकं जड होतं. बोलणाऱ्याची वाक्यं तोकडी होत जातात. शेवटी बायकोने एकच शब्द उच्चारला, "गियर." मी गियर बदलला. घुमणं गेलं, पेट्रोल जास्त जायला लागलं. मूळच्या सायलेन्सरमधले कप्पे आणि वळणं हाच स्वर मारायला असतात. मी त्यांना फुकटचं ओझं समजलो होतो.

गाजराची पुंगी मोडून खाता तरी येते. ही स्टीलची.

आता गिऱ्हाइकांना व्हिडिओ हवा असतो. पाठवला. सगळ्यांना आवडला, कारण फोनच्या चिमुकल्या स्पीकरला 80 चा तो खर्ज जवळपास काढताच येत नाही. माझी सगळी अडचण वाटेतच गळून पडते आणि पलीकडे पोचते ती नुसती ऐट. गप्प बसलो असतो तर केव्हाच विकला गेला असता. बसवत नाही.

'जवळजवळ'ची लबाडी मात्र स्टीलच उघडी पाडतं. टोक मी पुसून लख्ख केलं, पण पुढच्या पाइपावर, जिथे धूर सर्वांत तापलेला असतो, तिथे सोनेरी, मग तपकिरी, जांभळी आणि निळी झाक चढली आहे. पाण्यावर तेल पसरावं तशी. तापल्यावर धातूवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो, त्याच्या जाडीप्रमाणे रंग बदलतो. एकदा नीट तापला की कोरेपणा गेला. मला तर तो रंग आवडतो; बिलापेक्षा तोच जास्त खरा वाटतो.

काल एक मुलगा आला. गाडी तीच, इंजिन तेच. नाहीतर बोलणंच खुंटतं, लांबी आणि टांगायच्या जागा जुळल्या पाहिजेत. खिशातून त्याने लोहचुंबक काढलं आणि पाइपावर टेकवलं. चिकटलं नाही. "304 दिसतंय," तो खूश होऊन म्हणाला. हे स्टेनलेस स्टीलच्या जातींचे आकडे; स्वस्तातल्या 409 ला चुंबक धरतं. मग डबा डोळ्याला लावून त्याने आतून बघितलं. "आरपार दिसतंय की हो!"

"म्हणूनच घुमतो," मी म्हणालो आणि गियरसकट सगळं सांगून टाकलं. सांध्यातून धूर गळू न देणारा गॅस्केट नवा घ्यायला सांगितलं. गाडीचा मूळचा सायलेन्सर भंगारात देऊ नकोस, हेही सांगितलं. माझा माळ्यावर होता म्हणून बरं.

"घुमू दे हो काका," तो म्हणाला.

पाइप डिकीत मावेना. तिरका घातला, सीट पाडली, तरी वीतभर बाहेरच. शेवटी त्याने डिकी दोरीने बांधली आणि त्या निळसर टोकाला माझंच पुसायचं लाल फडकं बांधून निघाला.