आमची वाटचाल: पाणी, पंप आणि बिनव्याजी भांडवल

शारजातल्या आमच्या छोट्या फर्मचं काम पाणी गाळून शुद्ध करणाऱ्या आरओ प्लांटच्या देखभालीचं. मेंब्रेन बदलायचे, हाय-प्रेशर पंप खोलून दुरुस्त करायचे. मी मूळ रत्नागिरीचा. नोकरीसाठी आखातात आलो आणि पुढे स्वतःचं वर्कशॉप टाकलं. व्याजाच्या पैशाला हात लावायचा नाही, ही अब्बांची शिकवण. म्हणून पहिली मोठी ऑर्डर हातात आली तेव्हा पंपासाठी पैसे उभे करणं कठीण होतं.

इथल्या एका इस्लामी बँकेनं मुराबहा करून दिला. पंप आधी बँकेनं स्वतः विकत घेतला, मग आपला नफा उघड सांगून आम्हाला हप्त्यांनी विकला. करारात ठरलेली किंमत नंतर वाढत नाही. छोट्या धंद्याला हा केवढा आधार असतो, ते पगाराची तारीख जवळ आली की कळतं.

ही सोय उभी करणाऱ्यांमध्ये सौदीचे प्रिन्स मोहम्मद बिन फैसल यांचं नाव मी फार आदरानं घेतो. जन्म 1937 चा, राजे फैसल यांचे चिरंजीव, शिक्षण कॅलिफोर्नियात. आणि आमच्यासाठी अभिमानाची गोष्ट म्हणजे ते आधी पाण्याच्या कामातले! समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या सौदी सरकारी महामंडळाचे ते प्रमुख होते. अंटार्क्टिकाचा हिमनग ओढून अरबस्तानात आणायचा, हा विचारही त्यांनी मनापासून मांडला. 1977 मध्ये अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठातल्या परिषदेत त्यावर शास्त्रज्ञांनी चर्चा केली. हिमनग काही आला नाही, पण तहानलेल्या मुलखासाठी एवढा मोठा विचार करणारा माणूस मला जवळचा वाटतो.

बिनव्याजी बँकेची सुरुवात त्यांची नव्हे. इजिप्तच्या मित घम्र गावात अहमद अल-नज्जार यांनी 1963 मध्येच तो प्रयोग केला होता, दुबई इस्लामिक बँकही 1975 ची. प्रिन्सनी या कल्पनेला राजघराण्याचं नाव, भांडवल आणि देशोदेशीचा विस्तार दिला. इजिप्त आणि सुदानमध्ये फैसल इस्लामिक बँका निघाल्या, 1981 मध्ये जिनिव्हातून चालणारी दार अल-माल अल-इस्लामी ही संस्था. 2017 मध्ये ते गेले.

माझं एक ठाम मत आहे. मुराबहा उपयोगाचा खरा, पण या पद्धतीचा जीव भागीदारीत आहे. मुदारबात एकाचं भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असते. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटतात आणि धंदा बुडाला तर पैसा भांडवलवाल्याचा जातो, मेहनत करणाऱ्याची मेहनत. बँका मात्र मुराबहाकडेच जास्त झुकतात, आमच्यासारख्यांना भागीदार म्हणून क्वचितच घेतात. त्यांनी ते धाडस करायला हवं.

आता ट्रकवर बसवलेला फिरता प्लांट घ्यायचा आहे, मजुरांच्या वसाहतींसाठी. तो मुशारकात, म्हणजे दोघांनीही भांडवल घालायच्या भागीदारीत, घेण्याची बोलणी सुरू आहेत. नफ्याचं प्रमाण अजून ठरायचंय. तोटा झालाच, तर ज्याचं जेवढं भांडवल तेवढा त्याचा वाटा, हे मात्र दोघांनीही मान्य केलंय.