आईचा वॉकर सुरक्षित करताना: माझा अनुभव

आईच्या खुब्याचे हाड मोडले तेव्हा आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. 160 चौरस फुटांची खोली, दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधून जाणारा अंधारा पॅसेज आणि मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून असलेली शौचालये, एवढ्यातच तिला वावरायचे होते. शस्त्रक्रिया चांगली झाली आणि घरी येण्याआधी मी प्रिन्सेस स्ट्रीटवरून ॲल्युमिनिअमचा, चार पायांचा, घडी होणारा वॉकर आणला. मी अंधेरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारे बनवण्याच्या विभागात काम करतो, रोज हातात बारीक मापे घेणारा मायक्रोमीटर असतो. तरीही त्या दिवशी मी वॉकर उलटा करून त्याचे तळ पाहिले नाहीत, याची खंत मला आजही आहे.

पावसाळ्यातल्या एका पहाटे शौचालयाच्या दाराशी वॉकरचा डावा पाय ओल्या फरशीवरून सरकला. शेजारच्या काकूंनी आईला काखेत धरले म्हणून ती वाचली. दुपारी मी वॉकर आडवा करून नीट पाहिला. पायांच्या रबरी बुचांच्या तळाला एकात एक अशी बंद वर्तुळे कोरलेली होती. त्यांत साचलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती, आणि रबर इतके कडक होते की त्यावर नखाची खूणही उमटत नव्हती.

मी एक साधी चाचणी केली. वॉकरवर 20 किलो तांदळाची गोणी बांधली, तो शहाबादी फरशीवर ठेवला आणि स्प्रिंगच्या काट्याने तो आडवा ओढून कोणत्या वजनाला सरकतो ते पाहिले. फरशी कोरडी असताना लागणारी ओढ साबणाच्या पाण्यावर निम्म्याहूनही कमी झाली. मग नागदेवी स्ट्रीटवरून मऊ रबराची, रुंद तळाची बुचे आणली, बाहेरच्या कडेपर्यंत जातील अशा दोन आडव्याउभ्या खाचा ब्लेडने पाडल्या, जेणेकरून ट्रकच्या टायरसारखे पाणी दाबाखालून निघून जावे, आणि पाइपच्या धारेने मऊ रबर आतून कापले जाऊ नये म्हणून प्रत्येक बुचात पोलादी वॉशर बसवला. त्याच फरशीवर, त्याच पाण्यात वॉकर आता बराच घट्ट धरू लागला.

घसरण्याचा प्रश्न सुटत आला तसा उलटण्याचा पुढे आला. आई पलंगावरून उठताना वॉकरचे दांडे धरून स्वतःला ओढून घेत असे. वॉकरचे वजन अडीच किलो, मुठी जमिनीपासून 80 सेंटिमीटरवर आणि वजनाचा मध्य मागच्या पायांपासून साधारण 22 सेंटिमीटर पुढे. हिशेब केला तर मुठीला मागे फक्त पाऊण किलोची ओढ बसली तरी पुढचे पाय उचलले जातात. याला उपाय म्हणून मी खालच्या दांड्यात शिशाची वजने भरली आणि बाजूला कलंडू नये म्हणून पाय दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर फाकवले. शिवाय उंचीची भोके 25 मिलिमीटरच्या अंतराने होती आणि आईची गरज दोन भोकांच्या मधली होती, म्हणून प्रत्येक पायाला मध्ये आणखी एक भोक पाडले.

हे सगळे घेऊन मी हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत गेलो. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझी बुचे हातात घेऊन पाहिली आणि तेवढी ठेवायला सांगितली. बाकीच्याबद्दल त्यांनी आईलाच चालायला लावले. चौथ्या-पाचव्या पावलाला तिचे खांदे वर चढू लागले. प्रत्येक पावलाला वॉकर उचलायचा असतो आणि मी त्यात दीड किलो वजन घातले होते. "आजी, उठताना याला हात लावायचाच नाही. पलंगाच्या कडेवर तळवे दाबायचे, उभे राहायचे आणि मग वॉकर धरायचा," असे त्यांनी सांगितले आणि मला पलंगाची उंची विचारली. ती मला माहीत नव्हती. वॉकरची रुंदी त्यांनी टेपने मोजली, ती 62 सेंटिमीटर भरली. शौचालयाचे दार उघडून मोकळी जागा किती मिळते, असा त्यांचा पुढचा प्रश्न होता.

घरी येऊन मोजले. ती जागा 60 सेंटिमीटर होती. म्हणजे स्थिरता वाढवण्याच्या नादात मी असा वॉकर केला होता की आईला तो सगळ्यात निसरड्या जागी, दारातच, तिरका करून उचलावा लागला असता. पाय पुन्हा सरळ केले, शिसे काढून टाकले. पलंग फार खाली होता, म्हणून त्याच्या पायांखाली खाच पाडलेले लाकडी ठोकळे दिले आणि उशाजवळ भिंतीला एक पोलादी दांडा बसवला.

नव्या भोकांचे जे झाले ते मी विशेष करून सांगतो, कारण घरी असे काम करणाऱ्या कोणाच्याही हातून ते होऊ शकते. मूळचे भोक आणि माझे भोक यांत जेमतेम पाच मिलिमीटर धातू उरला होता. 40 किलो ठेवून वॉकर बाजूने ढकलला, तेव्हा पातळ भिंतीचा पाइप तिथेच दुमडला. आई त्याच्यावर रेललेली असताना हे झाले असते तर काय, या विचाराने मी त्या रात्री झोपलो नाही. चारही पाय नवीन आणले आणि उंचीतला फरक बुचांच्या आत सारख्या जाडीच्या चकत्या घालून भरून काढला. हात सैल सोडून उभे राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी आणि धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहावे, हे माप आता बरोबर जुळते.

दर रविवारी मी वॉकर उलटा करून बुचे पाहतो. मागच्या पायांची आधी झिजतात. खाचेत रुपयाच्या नाण्याची कड बसेनाशी झाली की चारही बदलतो.

गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या नानांच्या मुलाने त्यांच्यासाठी अशीच बुचे मागितली. मी आधी टेप घेऊन वर गेलो, नाना खुर्चीतून कसे उठतात ते दोनदा पाहिले आणि त्यांच्या मोरीचे दार मोजले. मोकळी जागा 54 सेंटिमीटर होती आणि त्यांचा वॉकर 57 चा होता. बुचे मी अजून दिलेली नाहीत. आधी अरुंद वॉकर शोधतो आहे.