चाळकेवाडीचे पठार आणि पवनऊर्जेचा अपुरा हिशेब

साताऱ्याहून सज्जनगडाच्या रस्त्याने ठोसेघर मागे टाकले, की थोड्याच वेळात चाळकेवाडीचे पठार सुरू होते. पर्यटकांना ते पवनचक्क्यांचे पठार म्हणूनच ठाऊक आहे, आणि त्यात नवल नाही, कारण इथल्या आणि वनकुसवड्याच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, गेली वीस-पंचवीस वर्षे पवनचक्क्या फिरत आहेत. या विजेला कोळसा लागत नाही आणि तिच्यामागे राखेचे ढीग उरत नाहीत. मी पवनऊर्जेच्या आणि सौरऊर्जेच्या बाजूची आहे. हे वाचून कोणी मला विरोधकांच्या रांगेत बसवू नये, म्हणून ते आधीच सांगते. पण जी वस्तू आपल्याला हवी आहे तिची पूर्ण किंमत ठाऊक असायला हवी, आणि ती किंमत नेमकी कशी असते हे चाळकेवाडीच्या पठारावर फार बारकाईने तपासले गेले आहे.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांचा शोधनिबंध २०१८ साली ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकाच पठारावरच्या पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या जागांची त्यांनी तुलना केली. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. कापशी घार, तिसा यांसारखे पक्षी तिथे फारसे फिरकत नव्हते, त्यांचे जमिनीवर झेप घेणेही कमी झाले होते, आणि त्यामुळे ज्यांची ते शिकार करतात त्या सरड्यांची संख्या वाढली होती. पवनचक्कीची पाती पक्ष्यांना धडकतात हे आपण अधूनमधून वाचतो. इथे तिचा परिणाम पक्ष्यांवर थांबला नव्हता, तो अन्नसाखळीत एक पायरी खाली उतरला होता. म्हणूनच संशोधकांनी पवनचक्कीला अन्नसाखळीच्या शिखरावरच्या शिकाऱ्याची उपमा दिली.

सरडे वाढले तर बिघडले काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. हा सरडा साधा नाही. गळ्याला पंखा असलेल्या या जातीचे शास्त्रीय वर्णन २०१६ साली, म्हणजे अगदी अलीकडे झाले. पाऊस सुरू होण्याआधीच्या तापलेल्या दिवसांत नर एखाद्या उंचशा दगडावर चढून बसतो, मान ताठ करतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उलगडतो. निळा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग त्या करड्या-तांबूस कातळावर क्षणभर झळकतात आणि घडी पुन्हा मिटते. मादीला बोलावण्यासाठी आणि दुसऱ्या नराला हटकण्यासाठी त्याच्याकडे हेच साधन आहे. पवनचक्क्यांच्या परिसरातल्या नरांचे हे रंग फिके पडलेले दिसले. तिथले सरडे अंगाने बारीक होते, कारण संख्या वाढली की वाट्याला येणारे खाद्य घटते. त्यांच्या रक्तात ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण कमी होते आणि माणूस जवळ आला तरी ते उशिरा पळत, कारण वरून झडप घालणाऱ्याची भीती उरलेली नव्हती. माझ्या दृष्टीने या अभ्यासाचे मोल इथे आहे. पठार वरून पाहिले तर जसेच्या तसे दिसते, गवत आहे, फुले येतात, सरडेही भरपूर आहेत. आणि तरीही आतले नाते बदललेले असते.

पठाराच्या जमिनीबद्दलही थोडे सांगायला हवे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे कातळ आणि त्यावर कुठे बोटभर तर कुठे वीतभर माती. पावसाळ्यात पाणी या कातळावरून पातळ थराने पसरत जाते, खोलगट जागी साचते आणि फटींतून झिरपत उताराच्या झऱ्यांपर्यंत पोहोचते. सीतेची आसवे, दवबिंदू, गेंद अशा वनस्पती याच पातळ ओलीवर जगतात. कास पठाराची फुले पाहायला आज गर्दी लोटते आणि २०१२ पासून ते जागतिक वारशाच्या यादीतही आहे; चाळकेवाडीचे पठार त्याच कुळातले. पवनचक्कीचा पाया तुलनेने थोडी जागा घेतो, पण मनोरा आणि पाती वर नेणाऱ्या अवजड गाड्यांसाठी आणि क्रेनसाठी रुंद रस्ता प्रत्येक चक्कीपर्यंत न्यावा लागतो. त्या रस्त्याचा भराव पाण्याच्या वाटेत आडवा आला, की एका बाजूला पाणी तुंबते आणि दुसरी बाजू कोरडी राहते. बोटभर मातीवर जगणाऱ्या झाडाला एवढा फरक पुरेसा असतो.

मग हे आधीच कोणी तपासले का नाही? एक कारण कागदावर आहे. सातबाऱ्यावर लागवडीला अयोग्य जमीन पोटखराबा म्हणून लागते आणि सरकारी नकाशांत माळ, सडे, खुरटी झुडपे असलेली जमीन बहुधा पडीक या सदरात जाते. जिथे नांगर चालत नाही तिथे गमावण्यासारखे काही नाही, हा महसुली हिशेब पुढे प्रकल्पाच्या हिशेबात जसाच्या तसा उतरतो. दुसरे कारण कायद्यात आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन करून मंजुरी घ्यावी लागते. पवनऊर्जा आणि सौर पॅनेलच्या प्रकल्पांना त्यातून सूट आहे. जमीन वनखात्याची असेल तर वेगळी परवानगी लागते, पण खासगी वा महसुली सड्यावर कोणत्या ऋतूत कोण राहते, याची पाहणी करण्याचे बंधन कोणावरच नाही. स्वच्छ उद्योगाला लवकर परवानगी मिळावी हा या सवलतीमागचा हेतू मला मान्य आहे. किमान एक वर्षाची पाहणी आणि जागेची निवड एवढी अट घातल्याने तो हेतू कोलमडणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

या टीकेचा आधार घेऊन कोळसाच बरा म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. २९२० मेगावॉटचे चंद्रपूरचे औष्णिक केंद्र, ताडोबाच्या अवतीभवतीच्या खाणी, कोराडी-खापरखेड्याच्या राखेने त्रासलेली गावे, हे सारे आपल्याच राज्यातले आहे. चाळकेवाडीचा सरडा फिका पडला हे खरे, पण कोळसा जाळत राहिलो तर तापत्या हवामानात तो आणि त्याचे पठार दोन्ही राहणार नाहीत ही शक्यताही तितकीच खरी आहे. २०२५ च्या मध्यावर देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेत बिगरजीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला, तरी प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेचा मोठा भाग अजून कोळशातूनच येतो. म्हणजे पवनचक्क्या आणि सौर पॅनेल अजून पुष्कळ लागणार आहेत, आणि म्हणूनच ती कुठे उभारायची हा प्रश्न आत्ताच नीट सोडवला पाहिजे.

सातारा जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. कोयनेची जलविद्युत हीदेखील बिनधुराची वीज, आणि १९६० मेगावॉटच्या त्या प्रकल्पाने महाराष्ट्राच्या उद्योगांना दिलेला हात कोणी नाकारणार नाही. पण कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांचे लोक दूरदूरच्या जिल्ह्यांत पांगले, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्याही पुनर्वसनाच्या मागण्या घेऊन आंदोलनाला बसलेल्या आपण पाहिल्या आहेत. शिवाय मुळात पूर्वेकडे वाहणारे पाणी विजेसाठी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडले जाते. कृष्णेचे पाणी राज्यांमध्ये वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने त्यासाठी ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आखून दिली. वीज तयार करून झाली की हे पाणी वाशिष्ठीतून समुद्राकडे जाते, आणि सातारा जिल्ह्यातलेच माण आणि खटाव हे तालुके पाण्याची वाट पाहत असतात. त्याही आधी, १९२१ साली, मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. मुंबईला वीज हवी होती आणि मावळातल्या भाताच्या खाचरांना तिची किंमत मोजावी लागली.

आता याच डोंगरांकडे पुन्हा नजर वळली आहे. सूर्य मावळल्यावरची गरज भागवण्यासाठी वीज साठवावी लागते आणि त्यासाठी उदंचन प्रकल्पांची आखणी सह्याद्रीत ठिकठिकाणी होत आहे. पाटण तालुक्यातल्या तारळीचा प्रस्ताव १५०० मेगावॉटचा आहे. दुपारच्या स्वस्त विजेवर पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडून वीज घ्यायची, अशी ही पद्धत आहे. साधारण पाच युनिट खर्चून चार युनिट परत मिळतात, आणि तेवढी घट परवडते, कारण संध्याकाळच्या युनिटला मोल जास्त असते. घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प अनेक वर्षे चालू आहे, त्यामुळे तंत्राबद्दल शंका नाही. प्रश्न वरच्या जलाशयाचा आहे. उंचावरची सपाट जागा म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा सडाच. पवनचक्क्यांमध्ये पठार निदान उघडे राहते. जलाशयाखाली ते कायमचे जाते. त्यामुळे दोन्ही टोकांना आधीच धरण असेल अशा जागांना पहिला मान द्यावा आणि नव्या पठारांना शेवटी हात लावावा, असा क्रम मला योग्य वाटतो.

राजस्थानात माळढोकाच्या बाबतीत जे घडले त्यातून हा क्रम किती महत्त्वाचा आहे ते कळते. जड शरीराच्या या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि तो वीजवाहक तारांवर आदळतो. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचे आदेश दिले, तर २०२४ साली सौरऊर्जेची निकड लक्षात घेऊन ते शिथिल केले आणि तज्ज्ञ समिती नेमली. जागा आधी ठरल्या, प्रकल्प उभे राहिले, आणि मग पक्षी की वीज अशी निवड न्यायाधीशांपुढे आली. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर माळढोक आता जवळजवळ दिसेनासाच झाला आहे.

जागा कमी वापरणारे मार्ग आपल्यापुढे आहेत. माझ्या घराच्या गच्चीवर पॅनेल आहेत आणि त्यासाठी एक इंचही नवी जमीन लागली नाही; पण गच्च्यांवर सारे राज्य चालेल असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ छोटे सौर प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज देण्याची कल्पना मला फार आवडते, कारण रात्री-अपरात्री मोटार चालू करायला शेतावर जाण्याचे हाल मी जवळून पाहिले आहेत. त्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. गायरानाचा विषय मात्र निराळा आहे. एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते, आणि कुंपण पडले की मेंढरे घेऊन येणाऱ्या धनगराला त्याच्या गेलेल्या चराईचे भाडे कोणी देत नाही. गायरान घ्यायचेच असेल तर चराईची पर्यायी जागा त्याच ठरावात नोंदवली गेली पाहिजे.

चाळकेवाडी-वनकुसवड्यासाठीही संधी चालून आली आहे. सुरुवातीच्या काळात उभारलेल्या लहान क्षमतेच्या चक्क्यांचे आयुष्य संपत आले आहे, आणि जुन्या चक्क्या काढून त्यांच्या जागी मोजक्या, मोठ्या चक्क्या उभारण्याचे राष्ट्रीय धोरण केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. तसे झाले तर कमी चक्क्यांतून जास्त वीज मिळेल आणि काही जागा मोकळ्या होतील. त्या जागांवरचा काँक्रीटचा पाया निघणार का, नको असलेल्या रस्त्यांचा भराव काढून पाण्याच्या वाटा मोकळ्या होणार का, आणि पुनर्वापराला कठीण असलेली काचतंतूंची जुनी पाती कुठे जाणार, हे करारात लिहून घेण्याची वेळ चक्की उतरवण्याआधीची आहे. घारी आणि सरड्यांची २०१८ साली प्रसिद्ध झालेली नोंद हाताशी आहेच. नव्या चक्क्या फिरू लागल्यावर तीच मोजणी त्याच जागी पुन्हा करण्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरला जावा.