घाट चढून गेल्यावरचं घर

दिवे घाटाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. वळणावळणाने वर जाणाऱ्या पताका, मध्ये माऊलींचा रथ, रथाला जोडलेल्या जादा बैलजोड्या. एवढी माणसं घाट चढून जातात, ती रात्री झोपतात कुठे, हे मात्र फोटोत दिसत नाही. आमच्या दिंडीपुरतं उत्तर म्हणजे सासवडमधलं एक घर. वारीबद्दल कुणी विचारलं की मला आधी त्या घराबद्दलच बोलावंसं वाटतं.

पुणे ते सासवड हा टप्पा तीस किलोमीटरच्या वर. हडपसरला तुकोबांची पालखी लोणीच्या वाटेला लागते, आपण सासवडच्या. वडकीला घाटाच्या पायथ्याशी येईपर्यंत पोटऱ्या भरून आलेल्या, त्यात एकादशीचा उपास. पण घाटात भजनाला असा काही रंग चढतो की झेंडेवाडीचा विसावा आला तेव्हाच चढ संपल्याचं मला कळलं. तळावर समाजआरती झाली आणि आम्ही मुक्कामाच्या घराकडे वळलो.

दारात थोरल्या सूनबाई घागर घेऊन उभ्या. विणेकरीबुवांच्या पायांवर पाणी, मग वीणा ओसरीवरच्या ठरलेल्या जागी. आत भगर, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी तयार.

हा मुक्काम कधीपासूनचा, असं विचारलं तर आजी साल सांगत नाहीत. ‘‘माझ्या सासऱ्यांचे वडील आन् तुमच्या बुवांचे पणजोबा, तवापासून.’’ माझ्या तळपायांना तेल लावत त्या बोलत होत्या. मी पाय मागे घेतले तर रागावल्या. बहात्तरच्या दुष्काळात आड आटला. सासऱ्यांनी बैलगाडीतून पिंपांनी पाणी आणलं. घरात रेशनची मिलो ज्वारी, तीही मोजकी. दिंडी आली ती आपलं धान्य घेऊनच. घराने चूल दिली, सरपण दिलं, आणि त्या वर्षी यजमान पाहुण्यांच्या पंगतीला जेवले. हे सांगताना आजींचा आवाज भरून आला.

पुढे भावाभावांत वाटणी झाली. शेत, अंजिराची बाग, तांब्यापितळेची भांडीसुद्धा मोजून वाटली गेली. ओसरी आणि परसातलं चुलवण तेवढं सामाईक राहिलं. दोघा भावांचं बोलणं बंद होतं. तरी दिंडी आली की दोघी जावांचं पुरण एकाच चुलवणावर शिजायचं. ‘‘दिंडी काय वाटून घ्यायची चीज हाये का, बाई?’’ आजी म्हणाल्या. भाऊ पुन्हा बोलायला लागले ते अशाच एका द्वादशीला, पंगतीत वाढताना.

जुनं माळवद उतरवून स्लॅबचं घर बांधलं तेव्हा गवंडी पुढच्या खोलीत भिंत घालायला निघाला होता. आजींच्या मुलाने ती घालू दिली नाही, दिंडी झोपणार कुठे म्हणून. मागे बायकांसाठी वेगळी न्हाणी आणि संडास बांधले. वारीत बायकांचे हाल कशाने होतात हे जिने सोसलंय तिला त्या दोन खोल्यांचं मोल कळेल. २०२० आणि २०२१ मध्ये पादुका एसटीने थेट पंढरपूरला गेल्या. घर रिकामं. तरीही सूनबाईंनी दोन्ही वर्षी द्वादशीला पुरण घातलं आणि आळीत वाटलं.

आजींनी आषाढीची वारी कधीच केली नाही. दिंडी पुढे गेली की बाजरीची पेरणी, पुढची कामं. पंढरपूर पाहिलं ते कार्तिकीला. सोहळ्याला आजची शिस्त लावणाऱ्या हैबतबाबांचं नाव सगळे घेतात, मानकऱ्यांची नावंही नोंदलेली आहेत. अशा घरांची नोंद कुठेच नाही, आणि हे मला मनापासून खटकतं. निदान प्रत्येक दिंडीने आपल्या वहीत तरी मुक्कामाच्या घरांचा इतिहास लिहून ठेवायला हवा. आजींसारखी सांगणारी माणसं आहेत तोवर.

द्वादशीला पुरणपोळीची पंगत झाली. त्याच दिवशी सोपानकाकांची पालखी सासवडहून निघते, म्हणून कऱ्हेकाठी समाधीच्या दर्शनाला गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे जेजुरीसाठी निघताना थोरल्या सूनबाई विणेकरीबुवांना पुढच्या वर्षीच्या बायकांचा आकडा विचारत होत्या. आणखी एक न्हाणी काढायची म्हणत होत्या, दिवाळीनंतर.