लाईट गेली आणि बाळ्या गार पडायला लागला

नाशिकला लाईट गेली की आपण काय करायचो, गच्चीवर नाहीतर ओट्यावर जाऊन बसायचो, येईल तासाभरात म्हणून. मी गंगापूर रोडला वाढले, लोडशेडिंग अंगवळणी पडलेलं, त्यामुळे १५ फेब्रुवारी २०२१ ला पहाटे दोनच्या सुमारास इथे डॅलसजवळ आमच्याकडची लाईट गेली तेव्हा मी नुसती कूस बदलली. पण अर्ध्या तासाने दचकून उठले. बाळ्या!

बाळ्या म्हणजे आमचा बिअर्डेड ड्रॅगन, मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला सरडा, शेपटीसकट दीडेक फुटाचा, हनुवटीखाली काटेरी दाढी. आई त्याला घोरपडच म्हणते. (नाशिकच्या मैत्रिणी विचारतात की आम्हीपण मुलांसाठी एखादं कासव घ्यावं का, तर आपलं ते पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, कुणी कितीही गुपचूप आणून देतो म्हटलं तरी घेऊ नका प्लीज.) बाळ्याच्या काचेच्या पेटीत दिव्याखाली ४० अंशांच्या आसपास लागतं आणि दुसऱ्या टोकाला २५-२६, म्हणजे त्याला हवं तेव्हा ऊन आणि हवी तेव्हा सावली. रात्री २० पर्यंत उतरलं तरी चालतं. त्याचं अंग आपल्यासारखी ऊब तयार करत नाही, सगळी बाहेरून घ्यावी लागते, खाल्लेलं पचवायलासुद्धा. गार पडला तर पोटातलं अन्न तसंच राहून सडतं. रविवारी दुपारीच त्याने पोटभर खाल्लेलं, मला आधी तेच आठवलं.

आमच्या अपार्टमेंटमध्ये गॅस नाही, शेगडी, हीटर सगळं लाईटवर. बाहेर बर्फ, रस्ते काचेसारखे. नंतर कळलं की थंडीने गॅसच्या विहिरी आणि वीज केंद्रांमधली यंत्रं गोठली, घराघरात हीटर लागल्याने मागणी वाढली, आणि टेक्सासची ग्रिड बाकी देशापासून जवळजवळ वेगळी असल्यामुळे शेजारून फारशी वीज आणताही आली नाही. ४५ लाखांवर घरं अंधारात होती.

तीन वाजता आईला फोन लावला, तिकडे दुपारचे अडीच. आई म्हणाली, "मी दिलेली गोधडी आहे ना, त्यात गुंडाळ त्याला." जुन्या सुती साड्यांची गोधडी आहे ती, मुलीच्या बारशाला शिवलेली. गुंडाळलं. तासाभराने हात घालून बघते तर त्याचं पोट फरशीसारखं गार, डोळे अर्धे मिटलेले, बोट लावलं तरी पाय ओढून घेईना. मला रडूच आलं. आईने निफाडच्या मामाला कॉलवर घेतलं, त्याची द्राक्षाची बाग आहे.

मामा म्हणाला, "अगं, गोधडीत ऊब नसते, आपलीच ऊब ती धरून ठेवते. त्याच्या अंगात नाहीच तर धरेल काय? आधी ऊब दे, मग झाक." मग स्वतःच बागेचं सांगायला लागला. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा ४-५ अंशांवर उतरला की मणी तडकतात, मग रात्री बागेत शेकोट्या करतात आणि पहाटे ठिबक सोडतात, कारण विहिरीचं पाणी तेव्हा हवेपेक्षा कोमट असतं. शेकोटी आम्हाला जमणार नव्हती, बंद घरात कोळसा पेटवला तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो, त्याच आठवड्यात इथे ग्रिल घरात आणून, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून माणसं गेली. पण पाणी! गीझरची टाकी अजून कढत होती की.

मग औषधांच्या पार्सलचा थर्माकोलचा डबा काढला, झाकणाला पेन्सिलने चार भोकं पाडली. दोन बाटल्यांत अंघोळीला घेतो इतपत गरम पाणी, त्यावर जुन्या ओढणीचे दोन वेढे, कारण उघडी बाटली लागली तर पोट भाजतं. बाटल्या एका बाजूलाच ठेवल्या, नको झालं तर त्याला सरकता यावं म्हणून, आणि वरून गोधडी, भोकं उघडी ठेवून. त्याला मात्र लगेच आत ठेवलं नाही. आधी तासभर स्वेटरच्या आत छातीशी धरून बसले, एकदम गरम करायचं नाही, हळूहळू. सहाच्या सुमारास त्याची नखं माझ्या गळ्याशी जराशी रुतली आणि तो वर सरकला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मंगळवारी डॅलसला उणे १९ झालं. घरात ९ अंश, डब्यात २४. दर तीन-चार तासांनी बाटल्या बदलायच्या, मी आणि नवऱ्याने पाळ्या लावलेल्या. लाईट मधेच वीस मिनिटं यायची, तेवढ्यात आधी किटली लावायची आणि थर्मास भरून ठेवायचे, मोबाईल नंतर. मुलगी वहीत दर वेळी डब्यातलं टेंपरेचर लिहून ठेवायची, ती वही अजून आहे. खायला काहीच दिलं नाही, फक्त नाकाशी पाण्याचा थेंब धरायचा, चाटलं तर चाटलं.

त्याच दिवसांत दक्षिण टेक्सासला साउथ पाद्रे आयलंडवर थंडीने बधिर झालेली हजारो समुद्री कासवं लोकांनी होड्यांतून, गाड्यांतून आणून कन्व्हेन्शन सेंटरच्या जमिनीवर रांगेने ठेवली होती. फोटो मामाला पाठवला. मामाने माल काढायचं काम चालू असताना बागेतूनच फोन केला आणि एकेक कासव कसं उचललं, परत कधी सोडणार, सगळं विचारत बसला.

बुधवारी संध्याकाळी लाईट आली ती टिकली. दिवा लावला, पेटी तापू दिली, मग बाळ्याला दगडावर ठेवलं. पाच मिनिटांत त्याची पाठ काळपट झाली, ऊन शोषून घ्यायचं असलं की ते असे गडद होतात, अंग चपटं करून तो दिव्याखाली पसरला. तरी दोन दिवस खायला दिलं नाही. शनिवारी सकाळी शेपूची एक काडी पुढे धरली, त्याने मान वाकडी करून बघितली आणि कचकन तोडली.

आईला व्हिडिओ पाठवला, तर लगेच तिचा फोन, "एवढीशीच का दिलीस? अजून दे त्याला."