भिंतीच्या कागदावर छापलेला अंक

युद्धकाळातील वृत्तपत्रे जमवण्याची सुरुवात माझ्याकडे घरातल्याच एका अंकाने झाली. ढाक्यातील शरणागतीची बातमी देणारे १७ डिसेंबर १९७१ चे मराठी दैनिक वडिलांनी ट्रंकेत जपून ठेवले होते. तेव्हापासून असे बरेच कागद हाताखालून गेले. मात्र ज्याच्याविषयी मला सर्वाधिक आस्था वाटते तो अमेरिकेतील यादवी युद्धातला आहे : मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्ग शहरात निघणाऱ्या ‘द डेली सिटिझन’चा २ जुलै १८६३ चा अंक.

उत्तरेच्या सैन्याचे जनरल ग्रँट यांच्या फौजेने दक्षिणेच्या ताब्यातील त्या शहराला ४७ दिवस वेढा घातला होता. अन्नाबरोबर छपाईचा कागदही संपला, तेव्हा मालक जे. एम. सॉर्ड्स यांनी घरांच्या भिंतींना लावायचा नक्षीदार कागद घेतला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर वृत्तपत्र छापले. असे सहा अंक ज्ञात आहेत. त्यांपैकी २ जुलैच्या अंकात ग्रँट यांची थट्टा आहे : ४ जुलैला व्हिक्सबर्गमध्ये जेवण्याचा त्यांचा बेत असल्याचे ऐकतो, पण ससा शिजवायचा तर आधी तो पकडावा लागतो, अशा आशयाची. नेमक्या ४ जुलैलाच शहर पडले. आत शिरलेल्या ग्रँट यांच्या शिपायांना छापखान्यात त्या अंकाचे जुळवलेले खिळे (छपाईचे धातूचे अक्षरठसे) जसेच्या तसे सापडले. त्यांनी शेवटच्या स्तंभाच्या काही भागात आधीच जुळवलेला दुसरा मजकूर घातला, पण बाकीचा मजकूर तसाच ठेवला. तळाशी स्वतःची टीप जोडली. ग्रँट यांनी ससा पकडला आहे, भिंतीच्या कागदावरचा हा शेवटचा अंक असून पुढे तो दुर्मीळ वस्तू म्हणून मोलाचा ठरेल, असे त्यांनी लिहिले आणि प्रती काढल्या. वेढ्यात अडकलेल्यांची उमेद आणि वेढा घालणाऱ्यांचा विजय एकाच पानावर, एकाच छापखान्याच्या खिळ्यांनी छापलेला असा दुसरा कागद मी पाहिलेला नाही.

त्या शिपायांचे भाकीत इतके खरे ठरले की पुढे या अंकाची तीसहून अधिक पुनर्मुद्रणे निघाली, आणि त्यांतली काही भिंतीच्या कागदावरच आहेत. म्हणून केवळ मागची फुलापानांची नक्षी पाहून प्रत अस्सल मानता येत नाही. अस्सल प्रतीतील छापील मजकुराची रुंदी नऊ इंचांहून किंचित अधिक आणि लांबी सतरा इंचांहून किंचित कमी भरते, तसेच सॉर्ड्स यांच्या नावापुढे स्वल्पविराम व सहा टिंबे दिसतात. अगदी पहिल्या काही प्रतींत तर नावातील ‘सिटिझन’ या शब्दाची अक्षरेच उलटसुलट झाली होती. ती नंतर सुधारण्यात आली.

माझ्याकडची प्रत एका विक्रेत्याने अस्सल म्हणून विकली होती. घरी पट्टी लावून मोजल्यावर ती पुनर्मुद्रण असल्याचे कळले आणि मला फार वाईट वाटले. तरीही ती टाकली नाही, कारण ही गोष्ट जपावी असे वाटणाऱ्या कोणीतरी ती पुन्हा छापली, हाही इतिहासच आहे. आवरणावर मी पेन्सिलीने ‘पुनर्मुद्रण’ असे स्पष्ट लिहून ठेवले आहे, म्हणजे माझ्यानंतर ती ज्याच्या हाती जाईल त्याची फसगत होणार नाही.

वडिलांच्या अंकाची काळजी मात्र वेगळी आहे. लाकडाच्या लगद्याचा वृत्तपत्री कागद उजेडाने आणि दमटपणाने पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि अजाणतेपणी मी त्याच्या फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावली होती. तिचा तपकिरी डाग आता ढाक्याच्या बातमीच्या दोन ओळींवरून आडवा गेला आहे. तेव्हापासून तो अंक आम्लरहित कागदाच्या पाकिटात, घडी न घालता, कपाटाच्या अंधाऱ्या कप्प्यात आडवा ठेवलेला असतो.